हाकेला आलेला कोल्हा

७ जानेवारी, मंगळवार

संजय सरांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या टॉवरमधली झुरळांची कंप्लेंट परत आली. तसं नव्हतं. म्हणाले, "लियाकत, तू रत्नागिरीकडचा ना? कोल्हे पाहिलेत कधी?"

"सर, पाहिलेत काय, बोलावलेत."

तोंडातून निघून गेलं आणि काम गळ्यात पडलं.

रास अल खैमाला डोंगराच्या पायथ्याशी एका अरबाचा इज्बा आहे, म्हणजे शेळ्यांचं फार्म. महिन्याभरात अकरा करडं गेली. रात्री कोल्हे येतात. गोळी घालायची इथे सक्त मनाई, विष घालायचं नाही. आमच्या कंपनीने परवानगी काढलीय ती फक्त जिवंत पकडायची. पिंजऱ्यात घ्यायचा, सरकारी व्हेट तपासणार, मग लांब वाळवंटात सोडणार. त्यासाठी सरांनी अमेरिकेहून मशीन मागवलंय. तिकडच्या लोकांचं कोयोटी नावाचं कोल्ह्यासारखं जनावर असतं, त्याला आवाज काढून बोलावतात, ते मशीन. एकोणीसशे दिरहम. सर स्वतःच मोठ्याने म्हणाले, "पंचेचाळीस हजार रुपये झाले, लियाकत. वाया जाऊ देऊ नको."

सतरा वर्षं मी या कंपनीत आहे, आता सुपरवायझर. झुरळं, उंदीर, कबुतरं. मला स्वतःला येतं असं काहीतरी पहिल्यांदाच कुणी विचारलं.

जेवताना सांगितलं. बानू म्हणाली, "अहो, चावलं तर?" उझमाने मोबाइलवरून मान वर न करता म्हटलं, "अब्बा, इट्स देअर डेझर्ट ओन्ली. व्हाय आर यू कॅचिंग देम?"

पंधरा वर्षांची आहे.


९ जानेवारी, गुरुवार

मशीन फेल.

इज्ब्यावर शेळ्यांपाशी एकच माणूस असतो आणि तो निघाला आपला! केरू मदने, माण तालुक्यातला. धनगर. तीन वर्षांपासून इथे आहे. मी हिंदीत सुरुवात केली, तो म्हणाला, "भाऊ, मराठीत बोला की, तीन वर्सं कान तरसल्यात."

संध्याकाळी पिंजरा लावला, आत कोंबडीचं काळीज टांगलं. मशीन खडकावर ठेवून दोघं लांब बसलो. मशीनमध्ये शंभर आवाज आहेत, सगळे अमेरिकेतले. तिकडचा ससा, तिकडचा सुतार पक्षी. मी चुकून कोयोटीच्या ओरडण्याचं बटण दाबलं तर गोठ्यातल्या सगळ्या शेळ्या एका भिंतीला जाऊन चिकटल्या. कोल्हा काही आला नाही.

केरू पोट धरून हसला. "आवो भाऊ, हितल्या कोल्ह्याला इंग्रजी कुठं येतंय?"


१२ जानेवारी, रविवार

आला! पकडला!

मशीन गाडीतच ठेवलं. गनी मामू मला लहानपणी शिकवायचे तसं केलं. उजेड फुटायच्या आधी जाऊन बसलो. वारा डोंगराकडून येत होता, म्हणून तोंड डोंगराकडे केलं, म्हणजे माझा वास त्याच्याकडे जायचा नाही. पाठीला समरचं, म्हणजे इथल्या बाभळीचं झुडूप, म्हणजे माझी आकृती उठून दिसायची नाही. पिंजऱ्याच्या दाराची दोरी हातात.

मग हाताचा मागचा भाग ओला करून ओठ लावायचे आणि हवा आत ओढायची. फासात अडकलेल्या सशासारखा आवाज निघतो. आधी हळू. कोल्हा जवळच असला आणि आपण मोठ्याने सुरू केलं तर तो पळतो. मिनिटभर काढायचा, मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मामू म्हणायचे, सशाला दम लागतो, तुलाही लागू दे.

चौथ्या वेळी दिसला. आमच्याकडच्या कोल्ह्यापेक्षा लहान, खोकडाएवढा. कान मात्र हे मोठे. सरळ आला नाही. लांबून अर्धा गोल घेतला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायला बघत होता. थांबला, बसला, परत उठला. शेवटी काळजाच्या वासाने पिंजऱ्यात तोंड घातलं, मग पाय. मी दोरी सोडली.

एक्कावन्नाव्या वर्षी गनी मामूंची विद्या कामाला आली.

दुपारी सरकारी व्हेट आल्या, डॉक्टर जेनेल. वसईच्या आहेत. "लियाकतभाई, मस्त हेल्दी नर आहे. कसा काय आला?" मी हातावर आवाज काढून दाखवला. त्यांनी दोनदा काढायला लावला.


१६ जानेवारी, गुरुवार

दुसरा. मादी. हिला तर पाऊण तास लागला. दोनदा वास घेऊन परत गेली, तिसऱ्यांदा फसली.

संजय सरांनी फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, अवर फॉक्स मॅन. केरळचे, बंगालचे, सगळे अंगठे दाखवतायत. उझमाने फोटो बघितला, "ओके, दॅट्स कूल," म्हणाली. मी गाडीत एकटाच हसत होतो.

केरू बुधवारी गावी चाललाय. भावाशी जमिनीचा वाद आहे, सरकारी मोजणीची तारीख चोवीस मिळालीय. दोन वर्षं थांबला होता तारखेसाठी.


१९ जानेवारी, रविवार

आजचा सगळ्यात भारी. नीट लिहितो.

उशीर झाला होता, रस्त्यात सिमेंटचे ट्रक. पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले, ऊन चढलेलं. केरूला म्हटलं, आता काही यायचा नाही, पण बघू. वाराही चुकीचा होता, माझ्या पाठीवरून त्याच्याकडे. तरी हातावर आवाज काढला. एकदाच. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. कोरड्या नदीच्या पात्रातून कोल्हा उठला आणि सरळ चालत आला. गोल नाही, थांबणं नाही. माझा वास त्याला लागला असणारच, तरी आला. जरा झोकांड्या खात होता, म्हातारा असेल. मला वाटलं, आता माझा आवाज असा जमलाय की त्याला संशयच आला नाही.

केरू हळूच म्हणाला, "भाऊ, ह्ये जनावर बरं न्हाई दिसत. लाळ बघा."

मी म्हटलं, "भुकेला आहे. माझ्या हाकेला आलाय तो, गप्प बस."

पिंजऱ्यापाशी येऊन तो नुसता उभा राहिला. काळजाकडे बघेना. केरूने मागून फळीने ढकललं तेव्हा अर्धा आत गेला, दार त्याच्या कमरेवर पडलं. मी ग्लोव्ह्ज घालून मान धरली. केरू उघड्या हाताने मागचे पाय आत सारत होता, तेवढ्यात तो वळला आणि केरूच्या अंगठ्याला दात लागला. जरासाच. रक्ताचे दोन थेंब.

दार मी एका हाताने दाबून धरलं होतं, म्हणून दुसऱ्या हाताचा ग्लोव्ह दातांनी ओढून काढला. कडी लावली. जोडीदार असेल म्हणून पुन्हा हातावर दोन-तीनदा आवाज काढला. कोणी आलं नाही.

केरूने नळाखाली साबणाने अंगठा धुतला, बराच वेळ धुत होता. मी म्हटलं, क्लिनिकला जाऊ. तो म्हणाला, "दवाखान्यात नेलं तर कागद हुत्याल, थांबवत्याल. बुधवारचं तिकीट हाय, भाऊ."

खरं सांगायचं तर मलाही नकोच होतं. इजा झाली की परवानगी रद्द होते, सरांनी आधीच बजावलंय. फॉर्मवर लिहिलं, व्यक्तीला इजा: नाही. सही केली.

तिसरा. यल्ला, चल, फॉक्स मॅन!


२१ जानेवारी, मंगळवार

तो कोल्हा पिंजऱ्यात मेला. पाणीसुद्धा प्यायला नाही म्हणे. संजय सर म्हणाले, "ट्रान्सपोर्ट स्ट्रेस लिही." ट्रान्सपोर्ट तर झालाच नव्हता, पण लिहिलं. डॉक्टर जेनेल मेलेला कोल्हा घेऊन गेल्या. मला वाईट वाटलं. म्हातारा होता बिचारा.

बानूने ग्लोव्ह्ज धुऊन बाल्कनीत वाळत घातले. म्हणाली, कसला वास येतोय याला, दोनदा घासले.


२२ जानेवारी, बुधवार

केरूला एअरपोर्टला सोडलं. अंगठ्याला पट्टी होती. "बरा आहेस ना?" म्हटलं. "बरा हाय," म्हणाला. उतरताना माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, काहीतरी बोलणार होता. मागून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.


२८ जानेवारी, मंगळवार

क्रमाने लिहितो.

अकरा वाजता डॉक्टर जेनेलचा फोन. मी मरीनातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये उंदरांचे ट्रॅप बदलत होतो. "लियाकतभाई, बसलायत का?" मी म्हटलं, उभा आहे. "बसा." मग म्हणाल्या, "तिसऱ्या कोल्ह्याचा मेंदू तपासला. रेबीज आहे."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "पण तो माझ्या हाकेला आला होता."

त्या म्हणाल्या, "तो कोणाच्याही आवाजाला आला असता, भाई. त्याला भीतीच उरली नव्हती. म्हणून तर आला."

मी तिथे पिठाच्या पोत्यावर बसलो. शेफ विचारत होता, काय झालं, हबीबी?

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी एकेक विचारलं. चावला? नाही. ओरखडा? नाही. ग्लोव्ह्ज? होते. कसे काढले?

दातांनी.

ते लिहायचे थांबले.

मग मीच सांगितलं की त्यानंतर त्याच हाताला ओठ लावून आवाज काढला. माझे ओठ थंडीने फुटलेले होते. दोन्ही दंडांत सुया, आणि वर आणखी एक महागडं इंजेक्शन. आणखी चार डोस, शेवटचा पंचवीस फेब्रुवारीला. म्हणाले, "लक्षणं सुरू झाली की मग इलाज नाही. त्याआधी घेतलं तर माणूस वाचतो." शांतपणे म्हणाले, जसं आम्ही कस्टमरला पावडर कुठे टाकलीय ते सांगतो तसं.

"ग्लोव्ह्ज कुठे आहेत?"

बाल्कनीत.

बानूचे हात भांड्यांच्या साबणाने भेगाळलेत. दोन वर्षं झाली, क्रीम आणतो आणतो म्हणतोय. डॉक्टर म्हणाले, धोका अगदी कमी, पण चान्स घेऊ नका. फोन करून तिला बोलावलं. ती टॅक्सीने आली, ओढणी उलटी घातलेली. सुई घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

"आणखी कोण होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही.

मी असं का म्हटलं? फॉर्मवर माझी सही होती म्हणून. हे इथे लिहितोय, कारण दुसरीकडे लिहायची हिंमत झाली नाही.


२९ जानेवारी, बुधवार

फजरच्या नमाजला उभा राहिलो आणि किती रकात झाल्या तेच कळेना. तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. डोळ्यांसमोर केरूचा अंगठा.

सरळ ऑफिसला गेलो. संजय सर आत येत होते, पार्किंगमध्येच गाठलं. "सर, केरूला चावलंय. फॉर्म खोटा आहे."

सर म्हणाले, "लियाकत, तुझी सही आहे त्यावर."

"म्हणूनच सांगतोय."

"आणि तो कुठाय?"

"गावी."

त्यांना शिव्या घालता आल्या असत्या. घातल्या नाहीत. स्वतः डॉक्टर जेनेलना फोन लावला, मग इज्ब्याच्या मालकाला. दहा दिवस होऊन गेले होते. केरूचा इथला नंबर बंद. गावचा नंबर कोणाकडे नाही. पासपोर्टच्या कॉपीवर वाडीचं नाव आहे, त्या नावाच्या तीन वाड्या निघाल्या.


३१ जानेवारी, शुक्रवार

दुसरा डोस. बानू आणि मी शेजारी-शेजारी बसलो. ती अजून घरात कामापुरतंच बोलते. आज फक्त विचारलं, "त्या माणसाला मुलं आहेत?" मी म्हटलं, दोन. तिने तोंड फिरवलं.

पोलीस स्टेशन, ग्रामपंचायत, एक हायस्कूल. सगळीकडे फोन. दुबईहून बोलतोय म्हटलं की लोक फ्रॉड समजून ठेवून देतात.


३ फेब्रुवारी, सोमवार

सापडला.

मलाच सुचलं. मोजणी! चोवीस तारखेची मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसला फोन लावला. क्लार्कने सांगितलं, अशी माहिती देता येत नाही. मी म्हटलं, "साहेब, त्याला पिसाळलेला कोल्हा चावलाय आणि त्याला माहीत नाही." मग एका बाईंनी फोन घेतला, कुंदाताई म्हणून. "थांबा, भाऊ, ठेवू नका," म्हणाल्या. कागद चाळल्याचा आवाज येत होता. अर्ज केरूच्या भावाच्या नावाने होता. त्याचा नंबर मिळाला.

भावाने फोन घेतला आणि शिवाराच्या दिशेने ओरडला, "ए केऱ्या! दुबई!"

"भाऊ, तुमी? लई दिसांनी!"

"केरू, ऐक. नीट ऐक. तो कोल्हा पिसाळलेला होता. रिपोर्ट आलाय. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा..."

"ठावं हाय की."

मला वाटलं, लाइन खराब आहे. "काय?"

"रिपोर्टाचं न्हाई. पर जनावर पिसाळल्यालं हाय ते त्याच दिशी कळलं मला. मेंढरामागं वाढलो, भाऊ. हितं उतरलो त्या दिशी पयली सुई घेतली. तीन झाल्या. चवथी बेस्तरवारी."

मी खुर्चीवरून उठलो, परत बसलो. आधी आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग असा राग आला की मी ओरडलोच, "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की," तो शांतपणे म्हणाला. "ह्ये जनावर बरं न्हाई म्हनलो. तुमी म्हनला, माझ्या हाकंला आलंय, गप बस. मला वाटलं, तुमी एवढं जाणकार, तुमास्नी कळलंच आसंल. माझं तिकीट वाचवाया मुद्दाम लिवलं न्हाई आसं वाटलं. आन् तुमची सुई तुमी घेतली आसंल." मग म्हणाला, "घेतली न्हवं?"

"नऊ दिवसांनी, केरू."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"एअरपोर्टावर परत बोलनार हुतो," तो म्हणाला. "मग वाटलं, बोललो आन् थांबवलं तर मोजणी जाईल. माझी बी चूक हाय, भाऊ."

बानू दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्याला माहीत होतं, तो गप्प राहिला. तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही बोलत राहिलात. आणि ग्लोव्ह्ज मी धुतले."

तिचं म्हणणं बरोबर होतं.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटचा डोस, दोघांचाही. डॉक्टर म्हणाले, खलास, मोकळे झालात.

कंपनीची परवानगी गेली. मला सुपरवायझरवरून काढलं, परत टॉवरमध्ये झुरळं. संजय सरांनाही वरून पत्र आलंय. मशीन स्टोअरमध्ये पडून आहे. उझमाने आज शाळेतून आल्यावर विचारलं, "अब्बा, आर यू अँड अम्मी गोइंग टू बी फाइन?" मी म्हटलं, इन्शाल्ला. ती म्हणाली, "नो, टेल मी प्रॉपरली." मग नीट सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. ती माझ्या शेजारी येऊन बसली. किती वर्षांनी.

संध्याकाळी केरूचा फोन. तो परत येत नाही, मोजणीत त्याच्या बाजूला पाऊण एकर निघालं. म्हणाला, "माझ्या जागी कोन आलंय? त्याला सांगितलं का कुनी?"

"म्युन्सिपालिटीने शेळ्या तपासल्या, केरू. तिथे बोर्ड लावलाय."

"कंच्या भाषंत?"

मला माहीत नव्हतं.


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे रास अल खैमाच्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

उद्यापासून बहुतेक रोजे. जुम्मा झाल्यावर बानूला म्हटलं, इज्ब्यावर जाऊन येतो. तिने अडवलं नाही. डब्यात खजूर आणि पराठे दिले, म्हणाली, "त्यालाही द्या, जो कोणी असेल."

बोर्ड अरबी आणि इंग्रजीत होता. नवा माणूस स्वातचा पठाण, शेरजमान. बारा दिवसांपूर्वी आलाय, त्याला एकही अक्षर येत नाही. चहा केला त्याने. मी हिंदीत समजवायला लागलो, लोमडी असते ना, ती दिवसा आली, घाबरली नाही, जवळ आली, तर दूर राहायचं. हात लावायचा नाही.

तो खुश होऊन हसला. "अरे, परसों आया था एक! दोपहर में. बहुत शरीफ था, भाईजान. मेरे हाथ से रोटी ले गया."

"हाथ दिखाओ."

त्याने उजवा हात पुढे केला. मधल्या बोटाच्या पेरावर एक बारीक लाल रेघ.

मी कोल्हा केवढा होता, लाळ होती का, कसा चालत होता, काही विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवला, त्याला नळापाशी नेऊन पंधरा मिनिटं साबणाने हात धुवायला लावला आणि गाडीचं दार उघडलं.

"बैठो."

"बकरियाँ कौन देखेगा? अरबाब नाराज होगा."

"अरबाब को मैं फोन करता हूँ. बैठो, शेरजमान. यल्ला."

गाडीतूनच डॉक्टर जेनेलना फोन केला. त्या म्हणाल्या, "दवाखान्यातच थांबा, मी निघते." पाठोपाठ मालकाला. तो ओरडत होता, मी ऐकून घेतलं.

आत्ता आतून शेरजमानचा मोठा आवाज येतोय, नर्सला विचारतोय, ही सुई किती वेळा? तिला त्याचं बोलणं कळत नाहीये. पडद्याआडून त्याने मलाच हाक मारली, "भाईजान! ये कितनी बार लगेगा?"

"पाँच बार," मी बाहेरून म्हटलं. "हर बार मैं लेने आऊँगा."